गावातल्या खेळाचा पैसा: वस्तूला मिळतो, शिकवणाऱ्याला का मिळत नाही?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावात तरुण मंडळ आणि महिला बचतगट मिळून संध्याकाळचे खेळ सुरू करायचं घाटतंय. अट एकच, की कुणाला बाजूला बसवून ठेवायचं नाही. गावात एक अंध मुलगा आहे, लहानपणी पोलिओ झालेले दोन काका आहेत, बौद्धिक अक्षमता असलेली एक मुलगी आहे, आणि लग्न झाल्यापासून मैदानावर पाय न ठेवलेल्या कितीतरी बायका आहेत. हे सगळे एकाच मैदानावर यावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. शाळेचं मैदान आहे, माणसं तयार आहेत, अडलंय फक्त पैशावर. तेही सगळ्या पैशावर नाही, एका विशिष्ट पैशावर.

पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, देवळाशेजारी नाहीतर पाण्याच्या टाकीखाली ओपन जिम दिसते. आमच्याकडेही आहे. चौथरा चांगला गुडघाभर उंच, चढायला उतार नाही, त्यामुळे कुबड्या घेऊन कुणी वर जाऊ शकत नाही. पायडलच्या यंत्राचं बेअरिंग कधीच गेलंय, त्यात आता पोरं उलटं बसून झोके घेतात. तरी तिला निधी मिळाला, कारण वस्तूचं कोटेशन येतं, बिल होतं, फोटो निघतो, नारळ फोडता येतो. आठवड्यातून चार संध्याकाळी येऊन शिकवणाऱ्या मुलाचं मानधन आणि वस्तीवरून अंध पोराला आणायचं रिक्षाभाडं मागायला गेलं की उत्तर येतं, 'याला हेड नाही', म्हणजे असा खर्च टाकायला हिशोबात रकानाच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता धरल्या आहेत आणि कलम ३० पूर्ण खेळांवर आहे. त्यात कार्यक्रमांची रचना बदलणं आणि सोयी सुगम करणं ही शासनाची आणि क्रीडा यंत्रणांची जबाबदारी म्हटली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले, त्यातले ६९ टक्के खेड्यांत राहतात. शिकवणी मात्र शहरात. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, सैन्यातल्या उपचारांच्या काळात पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं. त्यांच्या मागे सैन्य होतं. गावातच वाढणाऱ्या पोराच्या मागे कोण उभं राहणार?

तर अनुभवी लोकांनी सांगा, शिकवणाऱ्याच्या मानधनाचा आणि ने-आणीचा पैसा कुठून उभा करता येतो?

ग्रामदप्तर

चांगला धागा. ग्रामपंचायतीचं दप्तर माझ्याकडे असतं, म्हणून 'हेड नाही' यामागे काय असतं ते सांगतो. बरेचदा समोरचा माणूस टाळत नसतो, नियमच तसा असतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना आलेल्या पैशातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. गावाला अबंधित म्हटलं की वाटतं काहीही करता येईल, पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करता येत नव्हता. मग सरपंच काय करणार? पेव्हर ब्लॉक बसवणार आणि ओपन जिम घेणार. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदान मिळतं, तेही बांधकाम आणि साहित्याभोवतीच फिरतं.

मानधनाची वाट ग्रामनिधीतून जाते. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार कर, जे काही गावाचं स्वतःचं उत्पन्न असेल ते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आखाडे, क्लब, खेळाच्या आणि करमणुकीच्या जागा हा विषय पंचायतीच्या कामांत आहे. त्यामुळे ग्रामसभेचा ठराव आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असेल तर मागणीला पाया मिळतो. अडचण एवढीच की लहान गावाची घरपट्टीच वसूल होत नाही.

दुसरं, स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. पूर्वी ३ टक्के होती. यातून वैयक्तिक आणि सामूहिक, दोन्ही प्रकारचा लाभ देता येतो. तुमचा कार्यक्रम सामूहिक लाभात बसवता येईल का, ते बघा.

चाकावरची

ग्रामदप्तर दादा, तुमची माहिती बरोबर आहे, पण शेवटच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मी दौंड तालुक्यातली, व्हीलचेअर वापरते.

हा ५ टक्के निधी गावपातळीवर किती असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. स्वउत्पन्न पाच लाख असेल तर पंचवीस हजार. त्यात गावातले सगळे दिव्यांग. कुणाला घरघंटीला हातभार लागतो, कुणाचं औषध निघतं, कुणाला सायकलचे टायर घ्यायचे असतात. तेवढ्या पैशासाठीही आम्ही वर्षभर पाठपुरावा करतो. आता त्यातूनच मैदानाचा उतार बांधणार असाल तर घास आमच्याच ताटातला जाणार, आणि फलक मात्र लागणार की गावाने दिव्यांगांसाठी सुविधा केली!

उतार हा बांधकामाचा भाग आहे. चौथरा ज्या पैशातून बांधला, उतारही त्याच पैशातून व्हायला हवा होता. बारा फुटाला एक फूट चढ, एवढं साधं माप असतं. अंदाजपत्रक करतानाच धरलं तर वेगळा निधी लागतच नाही. नंतर फोडून बांधायला गेलं की खर्च होतो, आणि मग म्हणतात दिव्यांगांचं काम महाग पडतं.

मला खेळायचं आहे, मनापासून आहे. मी शाळेत कधी खेळाच्या तासाला वर्गाबाहेर गेले नाही, सगळ्यांच्या दप्तरांची राखण करत बसायचे. म्हणूनच सांगते, आम्हाला खेळाच्या पैशातून खेळू द्या. कल्याणाच्या पैशातून नको.

नीराकाठ

ताई, पटलं. मंडळाच्या बैठकीत तुमची पोस्ट वाचून दाखवणार आहे. ५ टक्क्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडून पक्कं.

शिट्टी

भोर तालुक्यात माध्यमिक शाळेवर खेळ शिकवतो. पैशाची चर्चा चाललीय, पण नेमकं कशाला किती लागतं हे कळल्याशिवाय मागणीही नीट होत नाही. साहित्याला फार लागत नाही, हे आधी सांगतो.

अंध मुलासाठी आवाजाचा चेंडू नसेल तर साधा फुटबॉल प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये घालून गाठ मारायची. घरंगळताना खरखर आवाज येतो, मूल आवाजावर धावतं. पिशवी फाटते, दुसरी घालायची. बाकीच्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधा आणि मग बघा, आतापर्यंत चाचपडणारा पोरगा सगळ्यांना कसा शिकवायला लागतो ते. मैदानाची रेघ फक्कीने मारतो तशी मारून अंध मुलाला काय कळणार? तिथे सुतळी ताणायची आणि वरून चिकटपट्टी लावायची, पायाला ती उंच रेघ लागते. गोलबॉल या पॅरालिंपिक खेळात रेघा अशाच असतात. तिथे एका बाजूला तीनच खेळाडू, चेंडूत घुंगरू आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी.

बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला मैदान १० बाय ६ मीटर पुरतं. जाळीची उंची पुरुषांना १.१५ मीटर आणि बायकांना १.०५. पोलिओवाले काका, गुडघे दुखणाऱ्या मावशी आणि धडधाकट पोरं एकाच संघात खेळतात. पहिल्या दिवशी धडधाकट पोरंच हरतात, कारण त्यांना बसल्या बसल्या सरकता येत नाही. जमीन मात्र मऊ हवी. मुरमावर बसून सरकलं तर कातडी सोलते, सतरंज्या किंवा जुन्या कुस्तीच्या मॅट लागतील. बुद्धिबळाचा अंधांसाठीचा पटही मिळतो. त्यात काळी घरं किंचित उंच असतात आणि सोंगट्या भोकात रोवायच्या असतात, म्हणजे हात फिरवून डाव वाचता येतो. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की हाच आधार.

समग्र शिक्षा योजनेत शाळांना खेळाचं अनुदान असतं: प्राथमिकला वर्षाला ५ हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला १० हजारांपर्यंत, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. मैदान शाळेचंच आहे म्हणता, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि या वर्षीच्या खरेदीत आवाजाचे चेंडू आणि मॅट धरायला सांगा. संध्याकाळी तेच साहित्य गाव वापरेल, तसा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या. गटसाधन केंद्रात, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रात, विशेष शिक्षक असतात. मुलांची ओळख, पालकांशी बोलणं आणि कुठल्या मुलाला काय जमेल याचा अंदाज त्यांच्याकडून मिळेल.

नीराकाठ यांचं दुखणं मात्र अगदी खरं आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना वेगळा क्रीडाशिक्षकच नसतो. चेंडू आला तरी दोन आठवड्यांत तो कपाटात जातो, कारण रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभं राहणारं कुणी नसतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला तर तोच माणूस, तीच वेळ आणि तोच क्रम लागतो. माणूस बदलत राहिला की ती येणं सोडते. तिथे मानधनाचा प्रश्न हाच कार्यक्रमाचा प्रश्न असतो.

रानजाई

सर्वसमावेशक म्हणताना बायकांचा उल्लेख सुरुवातीला एका ओळीत आला आणि नंतर गायब झाला, म्हणून लिहिते. आमच्या इंदापूरकडच्या गावात मैदान आहे, पण संध्याकाळी तिथे पोरांचं क्रिकेट असतं. मुलींनी कडेने चालायचं. बायका शेतातून येऊन, स्वयंपाक उरकून सात-साडेसातला मोकळ्या होतात. त्या वेळी मैदानात उजेड नसतो आणि जवळ संडास नसतो. मग कितीही चांगला प्रशिक्षक आणलात तरी बायका येणार नाहीत, आणि गाव म्हणणार की बायकांनाच आवड नाही.

ग्रामदप्तर

रानजाई ताई, या दोन्ही गोष्टींना वाट आहे. मैदानाजवळचं सार्वजनिक शौचालय, चाकाची खुर्ची आत वळेल अशा मापाचं, स्वच्छतेच्या बंधित निधीतून मागा. पिण्याच्या पाण्याचा नळ पाण्याच्या भागातून. दिवे अबंधितमधून. मागणी महिला सभेत लिहून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, पण बहुतेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. तिथे पंचवीस-तीस बायका उभ्या राहिल्या आणि इतिवृत्तात नोंद झाली, तर ग्रामसभेला विषय डावलता येत नाही.

चाकावरची ताईंचा मुद्दाही मान्य. ५ टक्क्यांची सूचना मागे घेतो.

ताळेबंद

चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर कामाशी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामावर जो खर्च करतात त्याच्याशी, माझा रोजचा संबंध आहे. मानधनाचं उत्तर बहुतेक इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती कशावर करायची याची यादी परिशिष्ट सातमध्ये आहे आणि त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांच्या 'प्रशिक्षणाचा' स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कायदा बोलतो तो प्रशिक्षणाबद्दल, साहित्यवाटपाबद्दल नाही. तरी प्रस्ताव कसले येतात? किट द्या, ट्रॅकसूट द्या, ट्रॉफ्या द्या. कंपनीही देऊन मोकळी होते, कारण कुणी प्रशिक्षणाचा खर्च मांडून मागतच नाही.

प्रशिक्षकाचं मानधन आणि ने-आणीचं भाडं हा प्रकल्पाचाच खर्च आहे, तो तसाच मांडा. कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा असते, तिच्याशी याची गल्लत होऊ देऊ नका. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झाला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. एक वर्षाचा प्रस्ताव देऊच नका, शिट्टी सर म्हणतात तसं माणूस टिकला पाहिजे.

अडचणीही सांगतो. पैसे घेणाऱ्या संस्थेची नोंदणी, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, आणि सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक लागतो. शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. तरुण मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, पण ऑडिट आणि बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज) वर्षानुवर्षं रखडलेले असतात. तेवढं आधी निस्तरा, आणि तोवर दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या जुन्या संस्थेच्या नावाने प्रस्ताव द्या, त्यांचा अनुभव आणि तुमचं मैदान.

आणि एक सलणारी गोष्ट. कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतो. त्यामुळे चाकण, रांजणगाव, तळेगाव, पिरंगुट या औद्योगिक पट्ट्यांच्या आसपासच्या शाळांना तीन-तीन कंपन्या विचारतात, आणि वेल्हे-भोरच्या डोंगरातल्या शाळांना कुणी विचारत नाही. तिथे तुम्हाला स्वतः जाऊन पटवावं लागेल.

मुळशीकरीण

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे, वय तेरा. ने-आणीच्या खर्चाबद्दल वर एकेका ओळीत आलंय, पण आमच्या घरी सगळं तिथेच थांबतं.

एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, त्याचा फायदाही होतो. पण एसटी वाडीवर येत नाही. घरापासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर, तिथपर्यंत त्याला कडेवर घेऊन जायचं आणि आता तो वाढलाय. एका संस्थेने शेजारच्या गावात बोचीया सुरू केलं होतं, म्हणजे आपला चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ न्यायचा खेळ. त्यात रॅम्पवरून चेंडू सोडता येतो, हातात जोर लागत नाही. दिशा कशी धरायची हे तो मला मानेने दाखवायचा आणि चेंडू पांढऱ्या चेंडूजवळ जाऊन थांबला की इतका ओरडायचा की शेजारचे बघायला यायचे. अनुदान संपलं, वर्ग बंद झाला. तो अजून मंगळवारी दाराशी येऊन बसतो.

तेव्हा अंदाजपत्रक कराल तेव्हा रिक्षा पहिल्या ओळीत लिहा. आणि सोबत येणाऱ्या आईसाठी बसायला सावलीची जागा. तिथे दोन-दोन तास उन्हात उभं राहावं लागलं की आई यायचं बंद करते.

घाटावरचा

खेड तालुक्यातून लिहितोय. सगळे सरकार आणि कंपन्यांकडे बघताय, गावाच्या स्वतःच्या खिशाबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे यात्रेची वर्गणी घरटी ठरते. बैलगाडा शर्यतीच्या घाटाला (धावपट्टीला) बक्षिसांत दुचाक्या लागतात, आखाड्यातल्या शेवटच्या कुस्तीचा इनाम ऐकून बाहेरचे पैलवान येतात. मी स्वतः बैलगाडाप्रेमी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा उचलून धरला तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत मी होतो. म्हणून हक्काने सांगतो, गावात खेळासाठी पैसा नाही हे खरं नाही.

यात्रा कमिटीसमोर एवढंच मांडा: जमलेल्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा वर्षभराच्या खेळाला. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं यात्रेला हमखास येतात. आखाडा सुरू व्हायच्या आधी तुमच्या बसून खेळणाऱ्या संघाचा एक सामना लावा. हलगी वाजवणारे असतातच, माणूसही जमलेलं असतं. माईकवर इनाम पुकारायची पद्धत आहे, तसं एकेका महिन्याचं मानधन पुकारायला सांगा. सामना झाल्यावर शिकवणाऱ्याला फेटा बांधा. आमच्या भागात माणूस नावानिशी पुकारलेला शब्द मोडत नाही.

चाकावरची

घाटावरचे दादा, कल्पना छान आहे. एकच विनंती, माईकवर आम्हाला 'बिचारे' म्हणू नका आणि दया दाखवून पैसे गोळा करू नका. सचिन खिलारी आटपाडीच्या करगणीचा, पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्य घेऊन आला. सुयश जाधव करमाळ्याकडचा, दोन्ही हात विजेच्या धक्क्याने गेले, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पुकारा करताना खेळाडू कुठल्या गावचा आणि कसा खेळतो ते सांगा, जसं पैलवानाबद्दल सांगता.

घाटावरचा

ताई, शब्द दिला. निवेदकाला मी स्वतः लिहून देईन.

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यातून निघालं ते धरून मी ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा केलाय, सुधारणा सुचवा.

'ग्रामसभा असा ठराव करते की, गावातील कोणतेही क्रीडांगण, चौथरा वा व्यायामसाहित्य यांचे अंदाजपत्रक करताना १:१२ उताराचा मार्ग त्यातच समाविष्ट करावा व त्यासाठी दिव्यांगांचा ५ टक्के निधी वापरू नये. मैदानावरील दिवे, पाणी व सुगम शौचालय ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे. सर्वसमावेशक खेळवर्गाच्या प्रशिक्षकाचे मानधन व खेळाडूंच्या ने-आणीचा खर्च यासाठी ग्रामनिधीत स्वतंत्र तरतूद करावी, व उर्वरित रक्कम यात्रा समिती आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून उभी करण्यास मंडळास संमती द्यावी. खर्चाचा हिशोब दर ग्रामसभेत वाचून दाखवावा.'

मुळशीकरीण

'ने-आणीचा खर्च' याच्या पुढे 'सोबतच्या व्यक्तीसह' असं घाला. नाहीतर उद्या मुलाचं भाडं देतील आणि आईचं नाकारतील.

रानजाई

आणि मैदानाची वेळ वाटून द्या. साडेसात ते साडेआठ खेळवर्ग, तेव्हा क्रिकेट नाही. ठरावात लिहिलेलं नसेल तर पहिल्याच आठवड्यात भांडण होईल.

नीराकाठ

दोन्ही घातलं. समितीत किमान एक दिव्यांग व्यक्ती आणि एक बचतगटाची प्रतिनिधी, हेही वाढवलं. सूचक म्हणून पोलिओवाले काका स्वतः उभे राहणार आहेत.

ग्रामदप्तर

मसुदा चालेल. विषय आयत्या वेळी मांडू नका, सभेच्या आधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घ्या आणि अर्जाची पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे ठराव त्या ग्रामसभेत आला तर आराखड्यात बसेल. नाहीतर वर्ष गेलं. ठरावाची प्रत हातात आली की शिट्टी सरांकडून महिन्याचा खर्च मांडून घ्या आणि दोन्ही एकत्र जोडून ताळेबंद सांगतात तसा तीन वर्षांचा प्रस्ताव कंपनीकडे द्या. ग्रामसभेचा ठराव जोडलेला असला की तिथेही वजन पडतं.

शिट्टी

खर्चाचा कागद मी करून देतो. मैदानाची लांबी-रुंदी, किती जण येणार आणि रिक्षाचं अंतर एवढं कळवा.